ताईच्या मापाची खिडकी

महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत मोजायची राहून गेलेली एखादी वस्तू असलीच, तर ती माझ्या भावोजींच्या नजरेला पडलेली नसणार. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांची सारी नोकरी जमीन मोजणीच्या खात्यात झाली. निवृत्त होताना त्यांनी खात्याची साखळी परत केली, पण खिशातला टेप त्यांचा स्वतःचा होता, तो अजून बुशशर्टाच्या खिशातच असतो. मासळी बाजारात ते सुरमई आधी मोजतात, मग तिच्या डोळ्यांकडे बघतात. वीर स्टेशनवर गाडी रखडली म्हणून लोक वैतागलेले असताना त्यांनी फलाटावरचं बाकडं मोजून, "चौघांचं म्हणतात, पण बसणार साडेतीनच," असा निकाल दिला होता. माझ्या लग्नात अंतरपाट धरला तेव्हा तो चार बोटं तोकडा आहे, हे त्यांनी मंगलाष्टकं चालू असताना माझ्या कानात येऊन सांगितलं. तोकडा होता हे खरं. बायको त्या चार बोटांतूनच माझ्याकडे बघून हसली होती.

असा माणूस छपराची खिडकी निवडायला बसला तर दोन वर्षं लागणारच. खिडकीचा विषय निघाला तो पुरामुळे. त्यांचं घर महाडात सावित्रीच्या अंगाला, कौलारू, वर माळा. मागच्या मोठ्या पुरात पाणी जिना चढून आलं तेव्हा भावोजींनी माळ्यावरची कौलं हाताने काढली, त्यांखालची एक लाकडी रीप तोडली आणि ताईला त्या भोकातून वर ढकललं. ताई कमरेशी अडकली. अर्धी ताई पावसात, अर्धी माळ्यावर, आणि भावोजी गुडघाभर पाण्यात तिचे पाय खांद्यावर घेऊन उभे. शेवटी दासगावच्या होडीवाल्यांनी तिला ओढून काढली, आणखी दोन रीपा तोडल्यावर भावोजी निघाले. पाणी उतरल्यावर ताईने घर धुतलं, चूल पेटवली आणि सांगून टाकलं, "पुढचा पावसाळा मी ह्या घरात काढनार नाय. पनवेलला लेकीकडे जाते. तुमी या नायतर नका येऊ." भावोजी पनवेलला राहू शकत नाहीत. तिथे सगळं आधीच मोजून बांधलेलं असतं. ते म्हणाले, "माळ्याची चांगली खोली करतो. छपराला उघडणारी खिडकी बसवतो. मग राहशील?"

"खिडकी बघून सांगते," ताई म्हणाली. पहिला पावसाळा ती पनवेलला राहिलीही. भावोजींनी त्या चार महिन्यांत एकट्याने पिठलंभात करून खाल्ला आणि खिडक्यांची माहितीपत्रकं जमवली.

दुकानदार त्यांना उजेड किती येईल, वारा किती येईल, काच दुहेरी की एकेरी, हे समजावून सांगत. भावोजी सगळं शांतपणे ऐकून घेत आणि विचारत, "यातून माणूस निघतो का?" ताई दिवाळीला परत आली तेव्हा भाकरी थापत असतानाच त्यांनी तिचं माप घेतलं, ओल्या पातळाचे दोन इंच वर धरले आणि पुठ्ठ्याची चौकट कापली. ती चौकट काखेत मारून ते दुकानोदुकानी हिंडले. आपलं माप सगळ्या महाडला ठाऊक झालं हे कळल्यावर ताई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. अखेर पोलादपूरच्या एका फॅब्रिकेटरने त्या पुठ्ठ्याबरहुकूम खिडकी करून दिली. तो म्हणाला होता, "सायब, अजून मोठी करूया की. काय बिघडतंय?" भावोजींनी त्याला माप म्हणजे माप, असं समजावलं.

मग उन्हाचा प्रश्न आला. एप्रिलात त्या काचेखाली उभं राहवेना. भावोजींनी रातांब्यांची सालं तीन ताटांत मांडली आणि दर दोन दिवसांनी खिडकीवरचं आच्छादन बदललं. उघड्या काचेखाली आमसुलं दोन दिवसांत कडकडीत झाली. रोपवाटिकेतल्या काळ्या जाळीखाली ती अर्धवट वाळली. बांबूच्या चिकाच्या पडद्याखाली मात्र ओलीच राहिली, त्यांना बुरशीसुद्धा आली. बुरशी बघून भावोजींना मनापासून आनंद झाला. ऊन काचेच्या आत आलं की ते घरचंच झालं, त्याला बाहेर थोपवायला हवं, असं म्हणून त्यांनी तो चिक बाहेरून बसवला आणि वारा नि वानरं यांच्या भीतीने तारेने दहा ठिकाणी आवळला.

मे महिन्याच्या अखेरीस ताईला खिडकी दाखवायचं ठरलं. मी मुद्दाम गेलो होतो. पुरानंतर ताई पहिल्यांदाच माळ्यावर चढत होती. शेवटच्या पायरीवर ती थांबली, कठडा घट्ट धरला, आणि मग वर आली. तिने खिडकीला हात लावला आणि ढकलली. खिडकी चार बोटं उघडली आणि चिकाला टेकली.

भावोजींनी टेप काढून ती फट मोजली.

ताई खाली जाऊन पक्कड घेऊन आली. फटीतून हात घालून तिने पोहोचतील त्या तारा एकेक करून तोडल्या, बाकीच्या माझा हात लांब म्हणून मी. चिक कौलांवरून घसरत परसात पडला. "ऊन आडवायला माजं जुनं लुगडं पुरं हाय," ती म्हणाली. मग खिडकी पुरती उघडली, स्टुलावर चढली आणि कंबर पार होईपर्यंत बाहेर निघाली. कुठेही अडकली नाही. भावोजींनी माझ्याकडे असं बघितलं, की मला त्यांचा हेवा वाटला.

ताई खाली उतरली. "आता तुमी."

"मला कशाला? माप बरोबर आहे."

"कुनाचं?"

ताईने त्यांच्या खिशातला टेप काढला. त्या टेपला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला मी तोवर पाहिला नव्हता. तिने तो त्यांच्या पोटाभोवती गुंडाळला, मग चौकटीला लावला. भावोजी मावत नव्हते. दोन वर्षांत त्यांनी सुरमई मोजली, बाकडं मोजलं, पातळाचं पाणीसुद्धा धरलं, आणि स्वतःला धरायचं त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"मागच्या वेळी तू अडकलीस ना," ते हळूच म्हणाले. "तेवढंच डोक्यात होतं."

ताईने टेप गुंडाळून परत त्यांच्या खिशात घातला. मग म्हणाली, "पुन्ना काढा ती कौलं. दोगांच्या मापाची होईस्तवर मी कुटं जात नाय."

मी हे ऐकलं आणि जिन्याकडे वळलो.

नवी खिडकी अजून ठरायची आहे. परवा मी फोन केला तर भावोजी पुठ्ठा कापत होते, आणि मागून ताईचा आवाज येत होता, "श्वास सोडा आदी. पोट आत घिऊ नका. खरं माप येऊ दे."