प्रश्न अकरा ते पंधरा

सतरा वर्षं आयसीयूत नर्स आहे. माणसं जाताना रोज पाहते. गेलेलं कुणी परत येऊन बोललेलं नाही. त्यामुळे भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी चहा टाकायला उठते. आता माझ्यावरच असं लिहायची वेळ आलीय…

परदेशात नोकरीसाठी इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. माझं लिसनिंग कच्चं. रेकॉर्डिंग एकदाच वाजतं आणि ती माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात. निर्मळ गावात आमच्या घरी सासू-सासरे, टीव्ही, शेजारचं बांधकाम – ऐकू काय येणार? म्हणून शुक्रवारी, वालीवचे कारखाने आठवड्याच्या सुट्टीला बंद असताना, मी नवऱ्याच्या गाळ्यात जाऊन बसायचे. बाटल्यांची झाकणं बनतात तिथे. मधोमध काचेची छोटी केबिन आहे.

त्या दुपारी शटर अर्धं ओढून केबिनमध्ये बसले. लक्ष जाऊ नये म्हणून मोबाईल मुद्दाम स्कूटरच्या डिकीत, आणि स्कूटर पार समोरच्या झाडाखाली. बिनवायरचे हेडफोन लावून लॅपटॉपवर टेस्ट सुरू केली.

दहा प्रश्न झाले आणि दिवे गेले. पाठोपाठ जळक्या वायरचा वास. हेडफोन गळ्यात ओढून बाहेर आले तर मीटरच्या बोर्डातून धूर, खाली पॅकिंगचे खोके पेटलेले… आणि शटर पूर्ण खाली. बाहेरून कुलूप.

शटर बडवलं, ओरडले. शुक्रवारी ऐकणार कोण? धुराने मागे रेटलं. बाटलीतल्या पाण्याने ओढणी ओली करून तोंडाला धरली आणि जमिनीवर बसले. धुराने माणूस किती मिनिटांत जातो हे मला नीट माहीत आहे.

तेव्हा गळ्यातल्या हेडफोनमधून बाईचा आवाज आला. क्वेश्चन्स इलेव्हन टू फिफ्टीन – नकाशाचे प्रश्न. बाई शांतपणे सांगत होती: केबिन डावीकडे ठेवा, उंच रॅकच्या टोकापर्यंत जा, शेवटच्या रॅकमागे बुटकं दार आहे. मग म्हणाली, "पुल. डोन्ट पुश." सगळं इंग्रजीत, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझा एकही शब्द सुटला नाही.

रांगत गेले. रॅकमागे प्लास्टिकच्या दाण्यांची पोती होती, ती ओढली. मागे भिंतीच्याच रंगाचं दार. घाबरून आधी ढकललंच – हललं नाही. मग ओढलं. मागच्या नाल्याकडच्या गवतात जाऊन पडले.

आग विझल्यावर दीर, नितीन, माझ्यासमोर उभा राहून रडत होता. माल न्यायला तोच आला होता. "वहिनी, मी बाहेरूनच हाक मारली हो. आतून काय आवाज नाय आला, म्हणून शटर लावलं."

"माझ्या कानाला हेडफोन होते रे," मी म्हटलं.

नवरा त्या दाराकडेच बघत होता. "सहा वर्षं झाली गाळा घेऊन. हे दार मला माहीत नाही. तुला कुणी सांगितलं?"

"टेस्टमधल्या बाईने."



लॅपटॉप जळाला, पण माझ्या इंग्रजीच्या क्लासच्या सरांकडे तीच टेस्ट होती. मी आणि सरांनी तीनदा ऐकली. अकरा ते पंधरा… एका पोहण्याच्या तलावाची माहिती, तीही पुरुषाच्या आवाजात. बुटकं दार नाही, काही नाही.

सर म्हणाले, "धुरात मेंदू काहीही ऐकवतो, मॅडम."

ऑक्सिजन कमी पडला की पेशंट काय काय ऐकतात हे मी त्यांच्यापेक्षा जास्त पाहिलंय. पण त्यामुळे कुणाला कधी न बघितलेलं दार सापडत नाही. याच्यापुढे माझं डोकं चालत नाही.

परीक्षा दिली. नकाशाचे प्रश्न सुरू झाले आणि मी उत्तरं लिहायची सोडून हॉलची दारं शोधत बसले. पाचही गेले, हवा तो स्कोअर आला नाही. आता पुन्हा बसायचंय. सरावाला हेडफोन लावते आणि उत्तरांऐवजी त्या बाईचा आवाज शोधते. मग वाटतं, ती बोललीच, तर आता कशासाठी बोलेल? …आणि हेडफोन काढून ठेवते.