मशीनला भाद्रपद कळत नाही

आमच्या शाळेत समानता आली ती प्रोजेक्टरवर. पुण्याहून एक तरुण लॅपटॉप घेऊन आला होता. आम्हा सगळ्या शिक्षकांना वाचनालयात बसवलं होतं आणि खमण मागवलं होतं. खमण मागवलं की आमच्या प्रिन्सिपलबेनना काहीतरी गळ्यात मारायचं असतं, हे मला इतक्या वर्षांच्या नोकरीत पक्कं ठाऊक झालं आहे. मी बडोद्यात, गोत्रीतल्या एका खाजगी शाळेत गणित शिकवते. म्हणजे आकड्यांशी माझं वैर नाही, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात मला ‘जुन्या वळणाच्या बाई’ म्हणून बाजूला सारणं सगळ्यांनाच फार सोयीचं गेलं.

तो तरुण म्हणाला, “मॅडम, माणूस पक्षपात करतो. शिक्षकाला आडनाव दिसतं, कपडे दिसतात. मशीनला यातलं काहीच दिसत नाही. त्याच्यापुढे सगळी मुलं सारखी.”

त्याचं मशीन म्हणजे एक प्रोग्राम होता. मुलांची हजेरी, मार्क, घराचा पत्ता, घरात बोलली जाणारी भाषा, आईवडलांचं शिक्षण, शाळेने पाठवलेले मेसेज पालक किती वेळाने उघडतात, हे सगळं त्याला भरवायचं. मग ते मुलांना रंग द्यायचं. हिरवं म्हणजे चिंता नाही, पिवळं म्हणजे लक्ष ठेवा, आणि लाल म्हणजे हे मूल दहावीला नापास होईल किंवा त्याआधीच शाळा सोडेल.

मी विचारलं, “आडनाव काढलंत हे ठीक. मग पत्ता कशाला ठेवलात?”

“अंतर कळावं म्हणून, मॅडम.”

बिचाऱ्याला बडोदं माहीत नव्हतं. इथे पत्ता सांगितला की आडनाव विचारायची गरज उरत नाही. माझं माहेर दांडिया बाजारातलं. पणजोबा संस्थानच्या महसूल खात्यात होते, हे मी न सांगताच लोक नुसत्या गल्लीवरून ओळखतात, आणि मग खुर्ची पुढे करतात. वाडी भागातल्या एखाद्या पोळाचा, म्हणजे जुन्या गल्लीचा, पत्ता सांगा, खुर्ची जागची हलत नाही. हे सगळं त्या मशीनला आम्ही पत्त्याच्या रकान्यातून शिकवत होतो आणि वर म्हणत होतो की त्याला काही दिसत नाही.

तरी एक गोष्ट मला तेव्हा पटली होती. लाल मुलांना आधी मदत मिळणार होती. त्यांच्यासाठी जादा तास, वेगळे शिक्षक. सुरुवातीला तसं झालंही. माझ्याच वर्गात मागच्या बाकावरच्या एका अबोल मुलीचे मार्क सगळ्याच विषयांत थोडे थोडे घसरत होते. आम्ही प्रत्येक जण आपापला विषय बघून गप्प होतो. मशीनने ते सगळं एकत्र मांडलं, आम्ही तिच्या आईला बोलावलं, आणि डोळे तपासल्यावर कळलं की पोरीला फळाच दिसत नव्हता. चष्मा लागला आणि ती सुधारली. तेव्हा मी त्या तरुणाचं मनापासून कौतुक केलं होतं.

पण मदत करायची तर वर्गखोली लागते आणि शिक्षक लागतो. दिवाळीनंतर वार्षिक समारंभाच्या तालमी सुरू झाल्या, जादा तासांची खोली गरब्याला गेली आणि ते शिक्षक स्टेजच्या पडद्यांमागे गेले. लाल यादी मात्र प्रिन्सिपलबेनच्या टेबलावर राहिली. आमच्या शाळेच्या फाटकावर दर वर्षी मोठं होर्डिंग लागतं, ‘दहावीचा निकाल शंभर टक्के’. ते होर्डिंग आणि ही यादी एकाच हातात आल्यावर पुढे काय होणार, हे कळायला गणिताची पदवी लागत नाही.

त्या यादीत माझ्या नववीच्या वर्गातली एक मुलगी होती. वाडीत राहणारी. तिचे पूर्वज संस्थानच्या फौजेत होते. फौज गेली आणि हळूहळू घर मूर्तींच्या कामाला लागलं. वडलांचा शाडूच्या गणपतींचा लहानसा कारखाना आहे. मुलगी अभ्यासात मध्यम. उगाच तिला हुशार करून सांगत नाही. गणितात कधी बरी, कधी बेताची, इंग्रजी मात्र चांगलं. दहावीनंतर आमच्याच शाळेत सायन्स घ्यायचं आणि मग फार्मसीला जायचं, हे तिने सहावीपासून ठरवून टाकलं होतं आणि कुणी विचारलं नाही तरी ती ते सांगत असे.

ती दर वर्षी गणेशचतुर्थीच्या आधी बरेच दिवस शाळेत येत नसे. कारखान्यातल्या मूर्तींच्या डोळ्यांची आखणी ती आणि तिची आत्या करत. हे काम शेवटीच होतं आणि घाईतच होतं. आम्हा शिक्षकांना ते माहीत होतं. स्टाफरूममध्ये आम्ही त्याला थट्टेने ‘गणपतीची रजा’ म्हणायचो. एखादी मैत्रीण वह्या पोचवायची, आणि नवरात्र येईपर्यंत तिने सगळं भरून काढलेलं असायचं. शाळेचा गणपतीसुद्धा त्याच कारखान्यातून येतो. त्या वर्षी आरतीला प्रिन्सिपलबेन हात जोडून म्हणाल्या, “आंख तो जुओ, केवी बोलती छे!” डोळे कसे बोलतायत बघा, म्हणे. ज्या मुलीने ते डोळे काढले होते, तिच्या नावापुढे त्याच आठवड्यात मशीनने लाल रंग भरला होता.

दिवाळीच्या सुमाराला तो तरुण पुन्हा आला तेव्हा मी त्याला गाठलं. मुलीच्या मागच्या काही वर्षांच्या हजेऱ्या उघडायला लावल्या आणि विचारलं, “ही लाल का?”

त्याने पाहिलं. “गैरहजेरी अनियमित आहे, मॅडम. बघा ना, एका वर्षी ऑगस्टच्या शेवटी, एका वर्षी सप्टेंबरच्या मध्यात, मग पुन्हा ऑगस्ट. दर वर्षी एकाच वेळी असती तर मशीनने हंगामी म्हणून सोडून दिलं असतं. ही कधीही गायब होते. अशी मुलं पुढे शाळा सोडतात.”

“ती दर वर्षी एकाच वेळी गैरहजर असते,” मी म्हटलं. “श्रावण संपताना जाते आणि भाद्रपदातल्या चतुर्थीनंतर येते. तुमच्या मशीनला तिथी ठाऊक नाहीत, त्याला ती मुलगी काय करणार?”

तो हसला. मला वाटलं, आता कपाळावर हात मारून घेईल. पण तो म्हणाला, “हो, तसं असेल. मीही गणपतीला पुण्याला घरी होतो, आठवडाभर रजा टाकली होती.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. स्वतः तिथीप्रमाणे रजा घेणारा, मोदक खाऊन आलेला हा मराठी मुलगा इंग्रजी महिन्यांवर चालणारं मशीन बनवतो आणि आमच्या पोरीला अनियमित म्हणतो! शाळेची दिवाळीची सुट्टी दर वर्षी मागेपुढे होते; तिला कुणी अनियमित म्हणत नाही, कारण ती ऑफिसातून अधिकृतपणे भरली जाते. मुलीची रजा भरायला तसा रकानाच नव्हता. मी म्हटलं, मग रकाना करा. तो म्हणाला, पुढच्या आवृत्तीत नक्की बघू, या वर्षाचं मशीन आता बदलता येणार नाही. त्याचा आवाज इतका गोड होता की त्याने नाही म्हटलंय हे मला जिना उतरल्यावर कळलं.

मी प्रिन्सिपलबेनकडे गेले. त्यांना मुलगी माहीत होती, कारखाना माहीत होता, सगळं माहीत होतं. तरी त्या म्हणाल्या, “बेन, एकाला सूट दिली तर समानता कुठे राहिली? मशीन सगळ्यांना एकाच मापाने मोजतं. मी मध्ये पडले तर तो माझा पक्षपात होईल.”

हे वाक्य मला आजही आठवतं आणि आजही किळस येते. आयुष्यभर ज्या बाईने ट्रस्टींच्या नातवंडांना पहिल्या रांगेत बसवलं, तिला एकाएकी पक्षपाताची भीती वाटू लागली होती! पूर्वी एखाद्या मुलाला काढायचं तर त्यांना निदान स्वतःच्या तोंडाने सांगावं लागायचं, आणि समोरचा भांडायचा, ओरडायचा, नगरसेवकाला घेऊन यायचा. आता त्या फक्त स्क्रीन वळवून दाखवत. यंत्राच्या पदराआड लपून काम उरकायची अशी सोय माणसाला पहिल्यांदाच मिळाली असेल.

जानेवारीत मुलीच्या वडलांना बोलावलं. वर्गशिक्षिका म्हणून मी तिथे होते. इस्त्रीचा शर्ट घालून आलेले ते गृहस्थ खुर्चीच्या कडेला बसले. प्रिन्सिपलबेननी स्क्रीन वळवली आणि मोठ्या आपुलकीने समजावलं: नववी ती पास होईल, पण दहावीचं दडपण तिला झेपणार नाही, तुम्ही दाखला घेऊन जा, बाहेरून परीक्षेला बसवा, तिच्या भल्याचंच आहे. आमची शाळा बाहेरून दहावी केलेल्या मुलांना अकरावी सायन्सला घेत नाही, हे त्यांनी सांगितलं नाही. ते मी सांगितलं. त्यावर प्रिन्सिपलबेननी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी अजून जपून ठेवली आहे.

मी वडलांना बाहेर व्हरांड्यात गाठलं. “सही करू नका,” मी म्हटलं. “शाळा तिला काढू शकत नाही, म्हणून तर तुमच्याकडून अर्ज मागतायत. मुलगी दहावी होईल. मी शिकवते तिला, मला माहीत आहे. चुकलंय ते मशीन.”

ते म्हणाले, “बाई, निशाळवाल्यांनी, तुम्हा शिक्षकांपैकी कोणी म्हटलं असतं ने, तर मी भांडलो असतो. आमच्या घराण्यात कोणी मागे हटत नाही. पण हे तर कंप्युटरमध्ये आलंय. त्याचं काय आमच्याशी वेर आहे? त्याने खरंच काई पाहिलं असेल ने तिच्यात?”

मी तिथी सांगितल्या, रकाने सांगितले. ते मान हलवत राहिले, पण त्यांचा विश्वास माझ्यावर नव्हता. मी काय, एक माणूस! मी चुकू शकत होते. शेवटी म्हणाले, “कारखान्यामुळे झालं असेल तर दोष माझाच की, बाई. पोरीला मीच बसवलं कामाला.” हे ऐकून मला रडूच आलं आणि रागही आला, त्या सरळ माणसावर नव्हे, तर ज्यांनी त्याच्याच कामाचा त्याला गुन्हा करून दाखवला त्यांच्यावर.

मी लेखी हरकत दिली. तिची पोच मिळाली. मार्च गेला, मुलगी नववी पास झाली, सगळ्या विषयांत, चांगल्या मार्कांनी. मला वाटलं, आता तरी तिला ठेवतील. पण अर्जावर वडलांची सही झाली होती. ‘स्वेच्छेने दाखला नेत आहोत’ असा तो छापील मजकूर होता. दाखला घ्यायला ती वडलांबरोबर आली होती. मला भेटायला वर्गात आली आणि म्हणाली, “बाई, मला काय कमी पडलं ते सांगा ने, मी करून घेईन.”

काही कमी पडलंच नव्हतं.

जूनमध्ये पुन्हा वाचनालय, पुन्हा खमण. तो तरुण या वेळी जास्त खुशीत होता. मशीनचे अंदाज कितपत खरे ठरले ते दाखवायला आला होता. पडद्यावर मुलांची नावं नव्हती. गोपनीयता पाळतो, असं त्याने आवर्जून सांगितलं. फक्त इयत्ता, तुकडी आणि हजेरी क्रमांक. माझ्या वर्गातला तिचा क्रमांक ओळखायला मला क्षणही लागला नाही. ‘अंदाज: शाळा सोडेल. प्रत्यक्षात: शाळा सोडली.’ पुढे हिरवी बरोबरची खूण. अशा खुणा बऱ्याच होत्या. कुणीतरी टाळ्या सुरू केल्या.

मी उभी राहिले. “तिने सोडली नाही,” मी म्हटलं. “तुमचा अंदाज दाखवून आपण तिला काढली. आणि आता तीच खूण करून मशीनला शाबासकी देतोय.”

“मॅडम, कारण मशीनच्या हातात नसतं,” तो समजुतीने म्हणाला. “ते फक्त काय झालं ते बघतं आणि त्यातून शिकतं.”

“आपण नंतर चर्चा करू, बेन,” प्रिन्सिपलबेन म्हणाल्या, आणि कुणीतरी खमणाची डिश माझ्या हातात दिली.

मग त्यांनी नव्या वर्षाच्या रंगांचे कागद वर्गवार वाटले, हे मात्र नावानिशी. मी सहावीलाही गणित शिकवते. सहावीच्या कागदावर लाल फक्त एकच नाव होतं: त्याच घरातली धाकटी मुलगी. पाचवीत वर्गात पहिली आलेली, एकही दिवस न चुकवलेली, कारखान्यात अजून हातात ब्रशही न घेतलेली. मागच्या वर्षी तिचा रंग हिरवा होता. मी कारणाचा रकाना शोधला. तिथे एवढंच लिहिलं होतं: मोठ्या बहिणीने शाळा सोडली.