बाईंच्या ओळखीचा घसा

बावीस वर्षं बाईंनी कान-नाक-घशाच्या तरुण डॉक्टरांना घोरण्यावरची शस्त्रक्रिया शिकवली, आणि दरवर्षी पहिल्याच तासाला ठणकावलं, "जागेपणी प्रत्येक घसा साळसूद असतो! आधी माणसाला औषधानं झोपवा, नाकातून दुर्बीण घाला, श्वास नेमका कुठे अडतो ते बघा. मगच सुरी!"

हे वाक्य त्यांच्याच झोकात म्हणणारा विद्यार्थी एकच. सिस्टर त्याला 'बाईंचं शेपूट' म्हणत. बाईंना मूलबाळ नव्हतं. सगळा जीव या शेपटावर. म्हणून तर धाकट्या भावाचा घसा त्याच्या हाती निर्धास्त सोपवला. "आपल्या माणसावर सुरी चालवायला माझा हात धजत नाही रे," म्हणाल्या.

शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांनी भावजय आली. "वन्सं, घोरणं जसंच्या तसं. झोपेत श्वास अजून थांबतो. वर आता पाणी प्यायले की यांच्या नाकातून येतं!"

त्याच आठवड्यात शेपूट हसत हसत आलं. बाई निवृत्त होणार होत्या, शिकवण्याचं काम आता त्याच्याकडे जायचं होतं. बाईंची शिफारस तेवढी हवी होती.

"करते सही. आधी भावाचं झोपेतलं चित्रण दाखव."

त्यानं लॅपटॉप उघडला. टाळू फडफडला, मागे चिकटला, श्वास अडला.

"बघा बाई, दोष टाळूचाच. म्हणून तो कापला."

बाई बघतच राहिल्या. पडद्यावरच्या पडजिभेला दोन टोकं होती. भावाच्या पडजिभेला एकच. लहानपणी चमचा घालून त्यांनी ती शंभरदा पाहिलेली. आणि हा दोन टोकांचा घसा? त्याचं चित्रण तर त्या स्वतःच दरवर्षी वर्गात नमुना म्हणून दाखवत आल्या होत्या.

"भावाला झोपवून तपासलंच नाहीस तू."

शेपटाचा चेहरा पडला. "बाई, बाहेर रांग असते. अर्धा तास मोडतो. टाळूच असणार, असं वाटलं... फायलीला पुरावा लागतो, म्हणून..."

"म्हणून माझाच धडा माझ्याच भावाच्या गळ्यात मारलास?" बाईंनी लॅपटॉप मिटला. "आणखी किती फायलींत आहे हा घसा?"

तो छताकडे बघून आठवू लागला.

त्याला आठवावं लागतंय, एवढंच बाईंना पुरे होतं. त्यांनी शिफारशीचा कागद कोराच बाजूला सारला आणि फोन त्याच्यापुढे ढकलला.

"एकेका घरी कळव. तू काय केलंस ते सांग, परत तपासायला बोलाव. पहिला फोन माझ्या भावाला. मी इथेच बसून ऐकतेय."