मान डोलावली तेव्हा

टप्... जरा उसंत, मग पुन्हा टप्. सोमवारी सकाळी भुकूमच्या आमच्या खोलीत हेडफोन लावून मी ताम्हिणीच्या डोंगरातला एक रेकॉर्ड केलेला झरा ऐकत होते, आणि तोच तुकडा पुन्हा पुन्हा मागं नेत होते.

आम्ही पाच-सहा कलावंत ऐकण्याचीच कला करतो. ज्यांचं कुणी ऐकत नाही त्यांच्यापाशी बसायचं, रेकॉर्डर लावायचा आणि मध्ये चकार शब्द काढायचा नाही, हा आमचा नियम. केवढा अभिमान होता मला त्याचा! बोलघेवड्या जगात मौनाइतकं निर्मळ दान दुसरं कोणतं, असं मी चारचौघांत मिरवत असे. पण स्वतःच्या मौनाच्या प्रेमात पडलेल्या माणसाला दुसऱ्याचा शब्द खरंच ऐकू येतो का?

आदल्या आठवड्यात वाडीवरच्या हिराबाई झऱ्याकाठी हंडा लावून तासभर बोलल्या होत्या. डोंगर कुणी विकत घेतलाय, झऱ्यासकट कुंपण पडणार आहे, वाडीची हरकत नाही अशा कागदावर अंगठे मागितलेत. त्यांच्या आवाजातल्या त्या ओलसर कंपावर मी अगदी लुब्ध झाले होते. आता तोच आवाज कानात स्पष्ट विचारत होता, "बाई, तुमी शिकलेल्या. सोमवारी अंगठा देऊ का नगं?" मग थेंब. आणखी थेंब. मग, "बरं. देते मंग."

मी तर काहीच बोलले नव्हते! आणि मग आठवलं: डोळे अर्धे मिटून, तल्लीन होऊन, सवयीनं मी मान डोलावत होते.

आणि तो सोमवार आजचाच! हिराबाईंचा फोन लागेना. गाडी काढली. पौड मागं पडलं, धरणाचं पाणी उजेडात निवांत चमकत होतं आणि मला त्या निवांतपणाचा राग येत होता. साधं 'थांबा' म्हणायला काय लागलं असतं? कलेचा नियम मोडला असता, एवढंच ना!

हिराबाई झऱ्यावरच होत्या. राखेनं अंगठा घासत होत्या; शाई निघत नव्हती. मला पाहून त्या हसल्या, सरकून दगडावर जागा केली आणि म्हणाल्या, "कुंपन झाल्यावर पानी कुटनं आनायचं, बाई?"

या वेळी माझ्याजवळ रेकॉर्डर नव्हता, नियमही नव्हता. हंड्यात पाणी पडत राहिलं, टप्, टप्. मान हलू नये म्हणून मी हनुवटी दोन्ही हातांत घट्ट धरून बसले होते.