रिंगेवरची हिरवी रेघ

किकवीच्या रत्नाला आपली धाकटी जाऊ शेफाली डोळ्यांत खुपायची, आणि हे तिनं स्वतःपासून तरी कधी लपवलं नाही.

हायवेलगतच्या कारखान्यात शेफालीला चिकटवलं रत्नानंच. ती स्वतः तिथं नऊ वर्षं तपासणीला. शेफाली आयटीआय झालेली; दीड वर्षात थेट निकेलचा मिश्रधातू कापायच्या कामावर पोचली. लोखंड मऊ पडेल अशा आगीतही हा धातू आकार सोडत नाही, म्हणून इंजिनाच्या पोटातल्या रिंगा त्याच्या करतात.

"लई हट्टी हाय ओ ताई," शेफाली जेवताना सांगायची. "कापताना टूल जरा थबकलं की तेवढी जागा आणखीन कडक हुती."

सासू बनाबाई घास हातात धरून ऐकायच्या. "आन् रत्ना, तू गं काय करती तितं?"

"बगते."

"नुसतं बगायला ठिवलंय व्हय तुला?"

सगळे हसले. शेफालीही हसली. रत्नाला तेच लागलं.

मंगळवारी शेफालीनं एकटीनं केलेली पहिली रिंग तपासणीला आली. रिंग पास झाली तर शेफाली इनचार्ज. मग रत्नाची प्रत्येक नोंद तिच्या सहीला जाणार.

रत्नानं अंधाऱ्या खोलीचं दार लावलं. रंग लावला, पुसला, वर पांढरी पूड मारली आणि जांभळा दिवा पेटवला. धातूत भेग असली की आत शिरलेला रंग बाहेर येऊन चमकतो.

चमकला. आतल्या कडेला, केसाएवढी हिरवी रेघ.

"घावली!" रत्ना पुटपुटली.

नियम असा, की रेघ एकदा पुसून पुन्हा पूड मारायची. भेग असेल तर ती परत उमटते. वरच अडकलेला रंग असेल तर नाही. न पुसता 'भेग' लिहिलं असतं, तरी रत्नाच्या शब्दाला कुणी आडवं गेलं नसतं.

दारावर टकटक झाली. "ताई, झालं का?"

"लई घाई झालीय, इनचार्जबाई?"

"तसं न्हाई ओ. पयलीच हाय न्हवं माजी."

"असू दे. सर बाजूला."

रत्नानं पेन उचललं. न पुसता तिनं आजवर एकही नोंद केली नव्हती. घरातलं कौतुक गेलं, कारखान्यातलं गेलं. आता हा नेमही हिच्यापायी घालवायचा? तिनं पेन आपटलं आणि फडकं घेतलं.

पूड मारून ती दहा मिनिटं उभी राहिली. ये, ये गं बाई, असं त्या रेघेला मनात म्हणत राहिली.

रेघ आली नाही.

रत्नानं दार उघडलं. "पास."

शेफालीनं तिचे दोन्ही हात धरले. रत्नानं ते सोडवून घेतले.

"आतली कड खरबरीत सोडलीस, रंग अडाकला तितं. फुडची अशी आली तर म्हागारी धाडीन. इनचार्ज असलीस तरी."