आत्याची खुर्ची आणि ब्रेकचं बटण

अमरावतीला इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आम्ही स्पर्धेसाठी एक रोबो केला होता. स्पर्धा संपली, रोबो सुटा केला, आणि त्यातल्या दोन मोटारी व त्यांचे दोन कंट्रोलर मी सरांना विचारून अकोल्याला आत्याकडे नेले. पक्षाघातानंतर आत्याचा डावा पाय उचलत नव्हता, आणि तिची व्हीलचेअर ढकलायला दिवसभर घरात वहिनी, म्हणजे आत्याची सून, एकटीच. खुर्चीला मी मोटारी बसवल्या, कंट्रोलर पाठीमागे लावले आणि आत्याच्या उजव्या हाताशी जॉयस्टिक दिली.

या कंट्रोलरवर एक बारीक बटण असतं. ते दाबलं की लाल दिवा लागतो. मग जॉयस्टिक सोडताच मोटारच चाकाला आवरून धरते. हा ब्रेक. दिवा बंद असेल तर चाक आलेल्या वेगाने घरंगळत जातं. त्याला कोस्ट म्हणतात. रोबो चालवणाऱ्या आमच्या मित्राला कोस्टच आवडायचं, त्यामुळे दोन्ही दिवे बंदच होते आणि मीही ते तसेच ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या दारात आली, शेजारणीशी बोलायला तिने जॉयस्टिक सोडली, आणि खुर्ची दारापुढच्या उतारावरून गल्लीत जाऊन शेजाऱ्यांच्या स्कूटीला टेकली. लागलं कोणाला नाही. स्कूटीचा आरसा तेवढा फुटला. वहिनी घाबरून रडायला लागली होती. आत्याने मला जवळ बोलावलं.

"सोडलं का थांबलं पायजे," ती म्हणाली. "मले काय शर्यत जितायची हाये?"

मी दोन्ही दिवे लावले. खुर्ची आता जागच्या जागी थांबायची, थोडा हिसका देऊन. उतारावर मात्र ती तरीही हळूहळू सरकायचीच, कारण हा ब्रेक म्हणजे काही कुलूप नव्हे. तिथे चाकाखाली घालायला एक वीट ठेवली आणि मी अमरावतीला परत आलो.

पुढच्या खेपेला वहिनीची तक्रार होती. झाडताना, पुसताना आत्यासकट खुर्ची बाजूला करावी लागते आणि ब्रेकमुळे ती सहजासहजी हलत नाही. मुख्य स्विच बंद केला की चाकं मोकळी होतात, पण तो सीटखाली, तिथे हात पोचत नाही. "भाऊजी, हे ढकलून ढकलून माये खांदे दुखून राह्यले," ती म्हणाली. ब्रेक काढायला आणि परत लावायला मी तिला मागची दोन्ही बटणं दाखवली.

मग एक दिवस तिचा व्हिडिओ कॉल आला. जॉयस्टिक सोडली की खुर्ची एका अंगाला फिरत होती, आणि आत्या भिंतीकडे तोंड करून बसली होती. मोबाइल मागे धरायला सांगितला, तर एक दिवा लागलेला, दुसरा बंद. घाईत वहिनीने एकच बटण दाबलं होतं. एक चाक थांबत होतं, दुसरं चालतच राहायचं.

दिवाळीच्या सुट्टीत मी दोन्ही कंट्रोलरचा ब्रेक एकाच स्विचवर घेतला आणि तो जॉयस्टिकशेजारी बसवला. त्यामुळे तो आत्याच्या ताब्यात गेला. आता खुर्ची हलवायची असली की वहिनीला आधी विचारावं लागतं. आत्या कधी लगेच ब्रेक काढते. कधी पेपर वाचून होईपर्यंत काढत नाही, आणि वहिनी हातात झाडू घेऊन उभी असते.