सूज उतरेपर्यंत

समोर बसलेल्या गिऱ्हाइकाची हनुवटी दोन बोटांत धरायची, चेहरा थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे फिरवायचा आणि एक सुस्कारा टाकायचा, ही मन्मथअप्पांची फोटो काढण्याची सुरुवात. त्या सुस्काऱ्यानं भलाभला खचायचा. मग अप्पा धीर देत. "चेहरा सगळ्यांचाच वाकडा असतोय. सरळ काढायचं काम आपलं. सुम्म बसा आता, पापणी हलवू नका."

उदगीरातली निम्मी लग्नं अप्पांच्या फोटोंवर जमली होती. मुलीचं नाक, मुलाचा पुढे आलेला दात, सगळं ते आधी निगेटिव्हवर पेन्सिलीनं आणि पुढे कॉम्प्युटरवर असं नीट करत, की लग्नानंतर नवराबायकोला एकमेकांची ओळख पटायला वेळ लागे.

स्टुडिओला खेटूनच माझं झेरॉक्सचं दुकान. अप्पा मला नावानं हाक मारत नसत. "ओ झेरॉक्स, चहा सांगा." त्यांचं म्हणणं, मी असलेलं तेवढंच काढतो, ते नसलेलंही काढतात. माझ्या मशीनला असलेलंही धड काढता येत नाही, हे मी कधी बोललो नाही.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्या गल्लीत टँकर यायचा. एका सकाळी त्याच्या पाइपाशी रेटारेटी झाली आणि कुणाची तरी स्टीलची घागर अप्पांच्या नाकावर बसली. अप्पा रिकामी कळशी घेऊन थेट माझ्या दुकानात आले. शर्ट रक्तानं भिजलेला. बोलले एवढंच, "आरसा हाय का?"

नांदेडला मीच घेऊन गेलो. नाकाची शस्त्रक्रिया करणारे तिथले डॉक्टर माझ्याकडं निरखून बघत राहिले आणि त्यांनी मलाच खुर्चीत बसवलं. नाकात बॅटरीचा उजेड जाईपर्यंत मी बसलोही. एवढ्या मोठ्या डॉक्टरांना मध्येच कसं तोडायचं? शेवटी मागं उभ्या असलेल्या अप्पांनी तोंडावरचा रुमाल काढला. "साहेब, त्यांचं जन्माचं हाय. माझं बघा."

मग पिशवीतून त्यांनी एक फ्रेम काढली. स्टुडिओच्या दर्शनी काचेत लावलेला स्वतःचा तरुणपणीचा फोटो. "अस्संच करून द्या."

"हाड बसवतो, वाकडेपणा काढतो," डॉक्टर म्हणाले. "फोटो करता येत नाही मला."

ऑपरेशन चांगलं झालं. टाके काढताना डॉक्टरांनी अप्पांना बजावलं, "सूज पूर्ण उतरायला वर्ष जातं. दोन्हीकडची सारखी उतरत नाही. एक नाकपुडी लहान दिसेल, एक मोठी. थोडा फरक शेवटी राहीलही, तो सगळ्यांनाच असतो. पण तोवर कुणाला आत सुरी घालू देऊ नका. ऐकलंत?"

अप्पांनी मान हलवली. परतीच्या एसटीत कंधार गेलं तरी ते खिडकीच्या काचेत नाकच बघत होते. काचेपलीकडं नुसता फुफाटा उडत होता.

"उजवी लहान हाय, झेरॉक्स."

मी म्हणालो, सूज आहे. पुढच्या आठवड्यातही तेच, पुढच्या महिन्यातही तेच. अप्पांनी स्टुडिओतला एक दिवा खाली जमिनीवर आणून ठेवला. हनुवटीखालून उजेड पडला की आरशात नाकपुड्या स्वच्छ दिसत. हळूहळू गिऱ्हाइकाची हनुवटीही ते डावी-उजवीकडं न फिरवता वर उचलू लागले. स्थळासाठी फोटो काढायला आलेल्या एका मुलीला त्यांनी तिची कुठली नाकपुडी मोठी आहे ते सांगितलं. मुलगी रडत उठून गेली. मग गिऱ्हाईकच कमी झालं.

मी ठरवलं, अप्पांना पुरावा द्यायचा. उदगीर जिल्हा व्हावा म्हणून निवेदनांचे गठ्ठे तेव्हा माझ्याकडं झेरॉक्सला येत. आलेल्या प्रत्येकाला मी म्हणायचो, "जरा मान वर करा." एका हेडमास्तरांनी विचारलं, "कशासाठी?" मी घाबरून म्हणालो, "जिल्ह्यासाठी." त्यांनी लगेच मान वर केली. एकाच्याही नाकपुड्या सारख्या निघाल्या नाहीत. मी धावत जाऊन अप्पांना सांगितलं.

"त्यांना चालतंय," अप्पा म्हणाले. "त्यांनी सरळ नाक कधी बघितलंच न्हाई."

दुसऱ्या दिवशी त्यांची बायको, आमच्या अक्का, दुकानाच्या पायरीवर येऊन उभ्या राहिल्या. आवाज अगदी खाली. "भाऊजी, तुम्ही तरी सांगा. ह्यांची उजवी पहिल्यापासूनच लहान हाय. लग्नात अक्षता पडताना बघितलंय मी. त्या फोटोत ह्यांनीच पेन्सिल फिरवलीय."

अप्पांनी डॉक्टरांपुढं जे नाक ठेवलं होतं, ते कुणाच्याच चेहऱ्यावर कधी नव्हतं.

मी अक्कांचं म्हणणं अप्पांच्या कानावर घातलं. त्यांनी फ्रेमची काच बाहीनं पुसली. "असंल. पर इतकी वर्षं मी मला असाच दिसत आलोय."

सूज उतरायचं वर्ष अजून बरंच उरलं होतं. अप्पांनी हैदराबादचा कुणी डॉक्टर शोधला. स्टँडवर मी नांदेडच्या डॉक्टरांचे शब्द पुन्हा ऐकवले. ते उसळले. "पावसाची वाट बघा, टँकरची बघा, जिल्ह्याची बघा. आता सुजेची पण बघू? वाट बघून बघूनच मरावं का माणसानं?" आणि गाडीत चढले.

परत आले तेव्हा दोन्ही नाकपुड्या एका मापाच्या होत्या. मी वाकून, उजेडात, दोन्ही बाजूंनी पाहिल्या. आनंदानं पेढे आणले, गल्लीभर ओरडून सांगितलं. अप्पांनी अर्धा पेढा तोंडात घातला, दोनदा चावला आणि थांबले. तोंड उघडलं, श्वास ओढला, मग पुन्हा चावला. माझ्या हातातला पुडा तसाच राहिला.

नांदेडच्या डॉक्टरांनी बॅटरीनं खूप वेळ आत पाहिलं. "आतली वाट आवळलीय. पुन्हा कापलं तर आणखी आवळेल." रागावले असते तर बरं वाटलं असतं.

अप्पा बसून झोपू लागले. आडवं झालं की जीव घाबरा व्हायचा. पुढं स्टुडिओ बंद करून ते बिदरला लेकीकडं निघाले. सामान टेम्पोत चढलं, अक्का पुढं जाऊन बसल्या, आणि अप्पा माझ्या दुकानात येऊन स्टुलावर टेकले.

"झेरॉक्स, तोंड मिटा जरा."

मी मिटलं.

"येतोय श्वास? दोन्हीकडून?"

मी मान हलवली.

"कसा येतोय?"

मी तोंड उघडलं, पण सांगायला काही सापडेना. जन्मभर आत-बाहेर करणाऱ्या त्या वाऱ्याकडं मी कधी लक्षच दिलं नव्हतं. टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला, पुन्हा दिला. अप्पा उठेनात. तोंड उघडं ठेवून, माझ्याकडं बघत, ते उत्तरासाठी थांबले होते.